बाथरूममध्ये घसरली

रामदासपेठेतल्या दवाखान्यात कुणी बाई “बाथरूममध्ये घसरली” म्हणाली, की सिस्टर आधी नवऱ्याला बाहेर काढायच्या. पौर्णिमाचं मोडलेलं मनगट पाहून त्यांनी संघपाललाही काढलं. “आता खरं सांग वं. नवरा मारते का तुले?” “नाही जी, बाथरूममध्येच...” “सगळ्याच घसरतात. नागपुरातल्या फरश्याच गुळगुळीत!” म्हणत सिस्टरनी पोलीस चौकीला फोन लावला. खरं सांगावं, तर नवऱ्यानं हातही लावू न दिलेली स्कूटर कायमची गेली. लपवावं, तर नवराच गेला. पौर्णिमानं डोळे मिटून सांगून टाकलं, “ह्यायची गाडी चोरून शिकत होती जी. कचराकुंडीवर आपटली.” दाराला कान लावून घामाघूम झालेला संघपाल आत धावला. “मंग काहून लपवलं वं? शीक! प्लास्टर निघू दे, मीच मागं बसतो.” पौर्णिमाचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवून सिस्टरनी संघपालची मनगटं काळजीनं निरखली.