हिरामणने पाडलेला झरोका

घाटात आगगाडी नुकतीच सुरू झाली होती, त्या वर्षीची गोष्ट. घाटाखालच्या कोंडाणे गावातल्या हिरामणच्या घराला एकही खिडकी नव्हती. चुलीच्या धुराने त्याच्या बायकोची, गोदाची, छाती सतत भरलेली असायची. माघात तिच्या खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा हिरामणने पहार घेऊन चुलीवरच्या भिंतीत झरोका पाडला.

गोदाने चूल पेटवली. धूर सरळ बाहेर गेला.

"अवं, आज छाती हलकी वाटतीया," ती हसून म्हणाली.

थोड्या वेळाने बाहेर गेलेला धूर परत आत आला. अंगणात पानही हलत नव्हतं. धूर पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आत आला.

"गोदे, तुज्या श्वासाबरुबर येतोय गं त्यो," हिरामण पुटपुटला. "जरा श्वास रोखून धर."

तिने श्वास रोखला. धूर झरोक्यातच थांबला.

तिने श्वास सोडला, तरी धूर हलला नाही. आता तिला श्वास आत घेता येईना. ती छातीवर हात मारून नवऱ्याला खुणावू लागली. हिरामणने चुलीत घागर उपडी केली. विस्तव विझला, पण धूर तसाच होता.

मग तो सावकाश आत येऊ लागला, आणि गोदाची छाती आपोआप वर उचलली गेली.