जिलबीची शिस्त

"तिरुपती?" सोसायटीचे सेक्रेटरी गुरुमूर्ती यांनी जिलबीच्या तासलेल्या अंगाकडे बघत विचारलं, आणि पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बसलेली मंडळी खो खो हसली. कृष्णकांतही हसला. केस उतरवल्याचं आयतं निमित्त मिळालं होतं, ते सोडायला तो काही खुळा नव्हता.

जिलबी म्हणजे त्याची लॅब्राडूडल जातीची कुत्री. कालपर्यंत अंगभर जर्दाळू रंगाचे कुरळे केस, आज नुसती खुंटं. तमिळ मुलखातल्या, अण्णा नगरातल्या या इमारतीत कुत्री पुष्कळ, पण जिलबीसारखं शहाणं जनावर दुसरं नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. म्हणून तर रविवार सकाळ गाठून, कुत्र्याला वळण कसं लावायचं हे सांगायला कृष्णकांतला उभं केलं होतं. बदलीवर आलेल्या बँकेतल्या मराठी माणसाचं एरवी कोण कौतुक करतं? तो महिनाभर या दिवसाची वाट बघत होता.

आणि नेमकं काल कुत्र्यांच्या पार्लरमध्ये सगळं उघडं पडलं. कृष्णकांतचा ब्रश रोज संध्याकाळी फिरायचा खरा, पण वरच्यावर, दिसण्यापुरता. खाली गुंत्यावर गुंता बसत गेला होता. मशीन चाललं तशी सगळी लोकर घोंगडीसारखी एकसंध निघाली आणि आतून लालभडक कातडी दिसली. कृष्णकांतची मान खाली गेली ती घरी पोचेपर्यंत वर आली नाही.

जिलबीला त्याचं काही नव्हतं. सकाळपासून ती अंगात वारं शिरल्यासारखी धावत होती. आता तिने तिसऱ्या मजल्यावरच्या जननी नावाच्या मुलीच्या पिल्लाला खांबाभोवती पळवायला घेतलं होतं.

"अंकल," पिल्लाला कसंबसं पकडत जननी इंग्रजीत म्हणाली, "हा ब्रश बघितला की किंचाळतो. जिलबी कशी गप्प बसते? एकदा दाखवा ना."

कृष्णकांतने पिशवीतून ब्रश काढला.

जिलबी धावता धावता थबकली. मग सावकाश चालत आली, त्याच्या पायाशी आडवी झाली, मान फरशीला टेकवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. हाक नाही, हुकूम नाही. शेपटीचं टोकसुद्धा हललं नाही.

"सूपर सार!" मागून कोणीतरी ओरडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

कृष्णकांत वाकला होता, म्हणून त्याला एकट्यालाच दिसलं. जिलबीच्या पोटाची कातडी थरथरत होती. इतके दिवस केसांनी ते झाकलं होतं. लहान असताना ती ब्रशखाली वळवळायची, ओरडायची, तेव्हा तो तिची मानगूट दाबून "गप!" म्हणायचा. हळूहळू ती गप्प झाली. शहाणी झाली, असं त्याने चारचौघांत सांगितलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समोर जननीने मांडीवरच्या पिल्लाची मान हाताने खाली दाबली होती. "बघ," ती त्याला सांगत होती, "शीक जरा!"

"टाळ्या नका वाजवू," कृष्णकांतच्या तोंडून मराठीतच निघून गेलं. "ही शिस्त नाही. ती मला भिते."

टाळ्या थांबल्या. पण कळलं कोणालाच नाही. सगळ्यांनी पहिल्या रांगेतल्या वसंतामामींकडे बघितलं. त्या तंजावरकडच्या, सबंध इमारतीत मराठी जाणणाऱ्या तेवढ्याच. मामींनी एकदा जिलबीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"हें यांना सांगूं का मी?" त्यांनी हळूच विचारलं. "का नको? तुम्हीं म्हणाल तसं."

'नको' म्हटलं असतं तर मामींनी काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेली असती. त्याने स्वतः इंग्रजीत सांगितलं असतं, तर 'स्ट्रेस' या एका शब्दाखाली सगळं झाकलं गेलं असतं. शिवाय पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना आणि वॉचमनला ते कळलंही नसतं. तमिळ म्हणाल तर त्याला भाजीपुरतं आणि रिक्षापुरतं येत होतं. त्यात लपायला जागा नव्हती.

"मी सांगतो, मामी," तो म्हणाला.

त्याने ब्रश खाली ठेवला आणि जिलबीकडे बोट केलं. "भयम्," तो म्हणाला.

मग तेच बोट त्याने सगळ्यांसमोर स्वतःकडे वळवलं.