कमळ्यावरची गोधडी

हर्षलानं माशाच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज बादलीत पिळला आणि तळाला पाच-सहा पांढरे दाणे जाऊन बसले. तिनं एक चिमटीत उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"काका, हे काय हाय?"

"वाळू असंल," येसाजी म्हणाला. चेहरा इतका साळसूद, की पोलिसांनी चहा पाजून सोडून दिला असता.

"वाळू मऊ असते?"

"समुद्राची असते."

एरवी हर्षला हसली असती. कर्जतच्या माशांच्या दुकानातली ही पोरगी दर मंगळवारी बादली, ब्रश घेऊन स्कूटीवरून खालापूरच्या अलीकडच्या या घरी यायची. टाकी नवी होती, खाऱ्या पाण्याची. "बाबा, तुम्हाला सोबत," म्हणून राकेशनं हॉलमध्ये बसवून दिली आणि तो त्याच रविवारी बंगळुरूला परत गेला. आत काळे दगड, चार गोगलगाई आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मासा. येसाजीनं त्याचं नाव कमळ्या ठेवलं होतं.

नव्या टाकीत शेवाळ धरतंच. पण महिन्या-दीड महिन्यात हार मानतं. येसाजीच्या टाकीत मात्र मंगळवारी घासून काढलं की पुढच्या मंगळवारी दगडांना बोकडासारखी हिरवी दाढी तयार. हर्षलानं दिव्याचे तास कमी केले, गोगलगाई सोडल्या, पाणी बदललं. पाण्याचे कॅन आणणाऱ्या टेंपोवाल्याशी भांडली. येसाजीनं त्या भांडणात तिची बाजू घेतली, वर त्याला दोन शब्द जास्तच सुनावले. कुणाची चप्पल झाडावर लटकलेली दिसली की गाव अजूनही आधी येसाजीच्याच दाराकडं बघतं. एवढी शिकलेली पोरगी, नळ्यांत रंग टाकून पाणी तपासणारी, तिला आपण दोन महिने फिरवली, या विचारानं त्याच्या पोटात गुदगुल्या होत होत्या.

"भात हाय हा," हर्षला म्हणाली. "तुमी टाकीत भात टाकता."

"एखादा घास. तो बघतो गं माझ्या ताटाकडं."

"रोज?"

"दोन टाइम."

तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला टाकीसमोर उभं केलं. "बघा त्याच्याकडं. नीट बघा."

कमळ्या वर, पाण्याच्या कडेला तोंड लावून होता. कल्ले भराभर उघडत-मिटत होते. मंगळवारी येसाजी सकाळपासून स्कूटीचा आवाज ऐकत बसायचा. आज त्याचं टाकीकडं लक्षच गेलं नव्हतं.

"भात कुजतो. शेवाळ त्याच्यावरच पोसतं आणि याचा जीव कोंडतो. अजून एक आठवडा असंच चाललं, की शेवाळ काढायला नाय, याला काढायला यावं लागंल मला."

गुदगुल्या थांबल्या. येसाजीनं लुंगीला हात पुसले, कोरडेच होते तरी.

"मुद्दाम केलंत ना?"

"पयला घास नाय. पयला असाच टाकला, जेवताना. मग शेवाळ वाढलं आणि तू म्हणालीस, पुढच्या मंगळवारी परत यावं लागंल."

"फोन करायचा होता, काका."

"फोन करून काय सांगू? शेवाळ नाय, तरी ये?"

हर्षलानं धुतलेला ब्रश परत धुतला. "माझ्याकडं चौदा टाक्या हायेत. खोपोलीपासून कशेळ्यापर्यंत."

"म्हंजे चौदा ठिकाणी चहा."

"चौदा ठिकाणी कुत्री," ती म्हणाली, आणि आता मात्र थोडी हसली. मग तिनं अर्धं पाणी बदललं, हवेची मोटर मोठी केली. कमळ्या हळूहळू खाली, दगडाशी आला. जाता जाता तिनं बोटांवर सांगितलं. "तीन दिवस पूर्ण अंधार. टाकी जाड कापडानं झाकायची. खायला नाय, दिवा नाय, मोटर बंद करायची नाय. कापड उचलून बघायचं पण नाय. शुक्रवारी संध्याकाळी काढा. शेवाळ मरंल, हा जगंल."

"आणि शेवाळ गेलं की?"

"गेलं की झालं. मग टाकीचं पाणी स्थिर झालं. तुमची तुमी सांभाळायची."

तिनं बादली स्कूटीला अडकवली. येसाजी दारात उभा राहिला. एक घास भाताचा, आणि पुढचा मंगळवार नक्की. त्यानं एकदा स्वयंपाकघराकडं पाहिलं, एकदा टाकीकडं. मग आत जाऊन पलंगावरची गोधडी ओढली, दुहेरी केली आणि टाकीवर टाकली. कुठं फट राहिली नाही ना, हे चारही बाजूंनी वाकून पाहिलं.

दिवेलागणीला त्यानं ताट वाढून घेतलं. पहिला घास उचलला तसा हात सवयीनं टाकीकडं गेला आणि अर्ध्यावर थांबला. तो घास त्यानं खाल्ला, बाकीचं झाकून ठेवलं. गोधडीखाली मोटर बुडबुडत होती. तो उठला, हॉलची ट्यूब बंद केली, स्वयंपाकघरातला दिवाही बंद केला आणि खुर्ची टाकीला टेकवून बसला.

समोरच्या ओट्यावरून उज्वलावहिनींनी हाक मारली. "भाऊजी, लाईट गेली का तुमची?"

"गेली, वहिनी," अंधारातून येसाजी म्हणाला. "शुक्रवारी संध्याकाळी येईल."

"तुमचं आपलं कायम काहीतरी!" उज्वलावहिनी हसत हसत आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.