उणे वीसची झोप

मी भुसावळजवळ दीपनगरला राहतो, बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय आणि फेसबुकवर हिमालयात चढाईला जाणाऱ्यांना सल्ले देतो. लोक मला 'सर' म्हणतात. मी म्हणू देतो.

एका कंपनीने रिव्ह्यूसाठी स्लीपिंग बॅग पाठवली, उणे वीस डिग्रीतही उबदार राहणारी. पण ऐन मे महिन्यात भुसावळकडे उणे वीस आणायचं कुठून? मग आठवला मेहुणा हेमराज. शिरपूरला त्याचं केळीचं कोल्ड स्टोरेज आहे. मी पोहोचलो तेव्हा तो ट्रक भरून घेत होता. त्याने लांबूनच हात केला, मी समोरचं दार उघडून आत शिरलो. बाहेरच्या उन्हातून आत गेल्या गेल्या अंगावर काटा आला. माकडटोपी चढवली, क्रेटांच्या मधे बॅग पसरली, व्हिडिओ सुरू केला आणि मस्त घोरलो.

'हाडं गोठवणाऱ्या थंडीत मला घाम फुटला!' असं पेजवर ठोकून दिलं.

व्हिडिओ गाजला. जळगावच्या रोहिदासने लिहिलं, "सर, तुमच्या शब्दावर हीच बॅग घेतली. उद्या हिमाचलला निघतोय, मुक्काम बर्फातच आहे."

मी उत्तर दिलं, "बिनधास्त जा. फार उकडलं तर चेन उघडी ठेव."

तेवढ्यात हेमराजचा फोन आला.


"दाजी, व्हिडिओ देखा मी. थंड खोली बाजूनी शे. तुम्ही जठे झोपनात, तठे ऊब करीसन आम्ही केळी पिकाडतस."