रुमालाखालच्या खुणा

सातव्या डावात हबीबसरांच्या बेसबॉल संघातला दुसरा पोरगाही बेस चोरताना धरला गेला, तेव्हा कॅप्टन तौहिद त्यांच्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, समोरना पोरं आपल्या समद्या खुणा वळखी ऱ्हायनात."

सरांनी त्याला उडवून लावलं. सोळा वर्षांत ज्या खुणा कुणाला कळल्या नाहीत, त्या आजच बऱ्या कळतील! वडील सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे दलाल. रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून सौदे करायचे, शेजारी उभ्या माणसाला भाव कळायचा नाही. सरांनी तीच बोटं मैदानावर आणली. तिसऱ्या बेसजवळ उभं राहून त्यांनी स्वतःची करंगळी धरली, की बेस चोरायचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा हात सुटताच पुढच्या बेसकडे पळत सुटायचं. दोन बोटं धरली, की चेंडू बॅटला नुसता टेकवायचा. पोराने टोपीला हात लावला, की समजलं, सर. खुणा बदला, असं दरवर्षी कुणीतरी सुचवायचं आणि सर हसून म्हणायचे, बापाची बोली कुणी बदलतं का?

याच खुणांवर अकरा चषक आले होते. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथारीशेजारचं हे उजाड मैदान, जिथे वारा सुटला की पाहुण्या संघाचे डोळे चुरचुरतात आणि आमची पोरं मिरचीला आपला दहावा खेळाडू म्हणतात, तिथे बेसबॉल कशाशी खातात हे सोळा वर्षांपूर्वी कुणाला ठाऊक नव्हतं. येत्या मार्चला सर निवृत्त होणार होते. आपल्यामागे संघ उदेसिंगच्या हाती द्यावा, असं पत्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून खिशात ठेवलं होतं. सामना संपला की मांडवात बसलेल्या प्राचार्या मोहिनी मॅडमना ते द्यायचं, एवढंच राहिलं होतं.

उदेसिंग सकाळीच आला होता. सरांचा जुना पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, धडगावकडच्या डोंगरातला. चार वर्षं सरांच्या घरी जेवलेला, सरांच्या बायकोच्या, अख्तरबानोच्या हातची भाकरी दोन्ही हातांनी घेणारा. त्याने वाकून पाया पडून सांगितलं, नुसता सामना बघायला आलो, सर. मग पलीकडच्या तालुक्याच्या पाहुण्या संघाच्या बाकामागे, निंबाच्या सावलीत जाऊन बसला. इकडे ऊन फार, म्हणाला. सरांना ते पटलंसुद्धा. माणूस एकदा आपला म्हटला की त्याची सावलीही आपलीच वाटते, दुसरं काय!

नववा डाव. आपण एका धावेने मागे, दोन गडी बाद, पहिल्या बेसवर तौहिद. सरांनी खेळ थांबवायला लावला, तौहिदपाशी गेले आणि हलकेच बजावलं, "मी काहीबी खूण करू, तू जागावरथून हालू नको."

मग परत आपल्या जागी येऊन त्यांनी सगळ्यांदेखत करंगळी धरली.

निंबाच्या सावलीत उदेसिंगने पाण्याची बाटली उजवीकडून उचलून डावीकडे ठेवली. बॅटवाल्यामागे बसलेला पाहुण्यांचा कॅचर लगेच उठून उभा राहिला. पिचरने चेंडू मुद्दाम बॅटच्या आवाक्याबाहेर टाकला, कॅचरने तो उभ्याउभ्याच झेलला आणि दुसऱ्या बेसकडे हात उगारला. पण तिकडे कुणी पळतच नव्हतं. तौहिद पहिल्या बेसवर कमरेला हात लावून उभा होता.

सरांनी बाटलीकडे पाहिलं, मग उदेसिंगकडे. राग नंतर आला, आधी लाज वाटली. खिशातलं पत्र चार माणसांनी वाचलं असावं, तशी. या पोराने न मागताच सगळा संघ देत होतो की त्याला. मग चोरायचं काय अडलं होतं?

वडिलांची आणखी एक खूण होती. सर ती प्रत्येक नव्या पोराला शिकवायचे, पण मैदानावर त्यांनी ती कधी केली नव्हती, कारण एकदा सांगितलेलं त्यांनी कधी फिरवलंच नव्हतं. सौदा मोडला की दलाल रुमाल झटकतो. आधी ठरलं ते सगळं रद्द.

सरांनी खिशात हात घातला, पत्र तसंच राहू देऊन रुमाल तेवढा काढला, आणि तौहिदकडे नाही, बॅट धरलेल्या पोराकडेही नाही, निंबाकडे तोंड करून तो दोनदा झटकला.

उदेसिंगचा हात टोपीला गेला.

विचार करून गेला नाही तो. चार वर्षांच्या सवयीने गेला आणि मग तिथेच राहिला. खाली घ्यावा तरी पंचाईत, न घ्यावा तरी पंचाईत. त्याची मान हळूहळू खाली गेली.

त्यांचा कॅचर बिचारा सबंध सामना बाटलीकडे बघून खेळलेला. आता बाटली हलेना आणि हा टोपीला हात लावून बसलेला. पोरगा गोंधळला. सगळं मैदान ऐकेल अशा आवाजात त्याने विचारलं, "सर, टोपीले हात लावा म्हणजे काय करानं? हाई तं तुम्ही आम्हले सांगंच नही."

त्या मैदानावर सोळा वर्षं एकालाच सर म्हणत आले होते. हबीबसर सवयीने ओ द्यायला वळले.

हाक त्यांना नव्हती.