नाव घेण्याची शिक्षा

दामूभावजी दारात बूट काढत होते, तेवढ्यातच गिरिजानं त्यांना नियम सांगून टाकला.

"भांडा. पोटभर भांडा. पण कुठल्याही पुढाऱ्याला वाईट शब्द वापरला, की वापरणाऱ्यानं तिथल्या तिथं उभं राहून बायकोचं नाव घ्यायचं. उखाण्यात."

"वहिनी, ही तर जबरदस्ती झाली यार," भावजी हसत म्हणाले. त्यांच्यामागून त्यांची बायको मीनाक्षी आत आली आणि तिनं गिरिजाचा हात हळूच दाबला. आठ महिन्यांनी ही दोघं या घरात पाऊल टाकत होती. आठ महिन्यांपूर्वी विलासरावांनी, म्हणजे गिरिजाच्या नवऱ्यानं, भावजींच्या लाडक्या नेत्याला भामटा म्हटलं होतं आणि खुद्द भावजींना त्याचा चमचा. भावजी भरल्या ताटावरून उठून गेले होते. दिल्लीतल्या एकाच ऑफिसातली, रोज ऑफिसला नेणाऱ्या एकाच चार्टर्ड बसमधली तीस वर्षांची दोस्ती एका शिवीपायी गेली. आज पुन्हा तसंच झालं तर बोलावणार कोण नि येणार कोण, हे गिरिजाला पक्कं ठाऊक होतं.

विलासराव बाल्कनीत पेपर घेऊन बसले होते. नियम ऐकून त्यांचा चेहराच उतरला. उखाणा म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. लग्नात सगळ्या मांडवानं विनवण्या केल्या, तरी हा माणूस "असला पोरकटपणा मला जमत नाही" म्हणून ढिम्म बसून राहिला होता. पुढची अडतीस वर्षं 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांच्यावरच निघाली. गिरिजा हे कुणाजवळ बोलायची नाही. विसरली मात्र नव्हती.

बाल्कनीत ऊन छान आलं होतं. मटारच्या करंज्या आल्या आणि दुसऱ्या करंजीला भांडण सुरू झालं.

"तुमच्या माननीय नेत्यांनी," विलासराव एकेक शब्द तोलून म्हणाले, "परवाच्या सभेत जे विधान केलं, ते माझ्या नम्र मते वस्तुस्थितीला धरून नव्हतं."

भावजींनी हातातली करंजी खाली ठेवली. "विलास, तुला बरं नाहीये का?"

मीनाक्षीला ठसका लागला. विलासराव काही हटले नाहीत. महागाईवर बोलले, नोकऱ्यांवर बोलले, भाषणातल्या आकड्यांवर बोलले, आणि दर वेळी ओठांवर आलेला शब्द गिळून 'आदरणीय' म्हणाले. एरवी टीव्हीवर तो चेहरा दिसला तरी गाढवापासून सुरुवात करणारा हा माणूस. शेवटी भावजींचाच तोल गेला.

"अरे, मग तुझा तो नौटंकीबाज काय कमी आहे का?"

विलासरावांनी पेपरची घडी घातली. गिरिजा खुर्चीतून अर्धवट उठली.

"दामू," ते म्हणाले, "ऊठ."

भावजी उठले. स्वेटर खाली ओढला, घसा साफ केला.

"गुरुग्रामच्या टॉवरमध्ये लिफ्ट पडते बंद,
मीनाक्षीचं नाव घेत जिने चढणं हाच माझा छंद."

विलासराव इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. हसता हसता त्यांनी भावजींच्या पाठीत एक सणसणीत थाप मारली. ती थाप ऐकली आणि गिरिजाचा जीव भांड्यात पडला. मग तासभर दोघं कडाकडा भांडले, पण सगळं कसं जपून जपून. नियम चोख लागू झाला होता. फक्त तिच्या नवऱ्याचं तोंड त्या नियमानं इतकं घट्ट बंद केलं होतं, की आज काही तो चुकणार नव्हता नि तिचं नाव निघणार नव्हतं. दोस्ती जुळली ना, मग पुरे, तिनं स्वतःला समजावलं आणि चहा ठेवला.

चहाबरोबर पुढारी मागे पडले. मीनाक्षी पानिपतहून आणलेल्या चादरींबद्दल सांगत होती, धुतल्यावर रंग जातो का वगैरे. विलासरावांनी कप खाली ठेवला.

"दामू, तुझा नेता गाढव आहे."

भावजींच्या कपाळावर आठी चढली. "अरे, मी काही बोललो तरी का आत्ता?"

"नाही बोललास. तरी आहे," असं म्हणत विलासराव उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. गिरिजाकडे न बघता, खालच्या पार्ककडे बघत, फाइलीवरचा शेरा वाचून दाखवावा तसं ते म्हणाले,

"दिल्लीच्या थंडीत स्वस्त होतात मटार,
गिरिजाचं नाव घ्यायला उशीर केला फार."

मीनाक्षी टाळ्या वाजवत सुटली. भावजींची आठी केव्हाच गेली होती.

"माझा शब्द मी मागे घेतो, दामू," विलासराव बसत म्हणाले. "गाढव नाहीये तो."

"राहू दे. कामाला आला बिचारा."

गिरिजा हसतच रिकामी ताटली उचलून आत गेली, नळ सोडून तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं. उरलेल्या करंज्या घेऊन बाहेर आली, त्यातल्या तीन नवऱ्याच्या पुढ्यात ठेवल्या आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसली.

"अहो," ती म्हणाली, "भावजींच्या पक्षात तो दुसराही एक नेता आहे ना? त्याच्याबद्दल काय मत आहे तुमचं?"