मी स्वतः पाहिले

तपासनीस बाईंनी संगणकाचा पडदा नेरेइदाकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही सही तुमची?"

नेरेइदा ओतेरो. सतरा मार्च, सकाळी दहा बेचाळीस. आणि त्यापुढे, सही कशासाठी केली त्या रकान्यात, तीन शब्द : मी स्वतः पाहिले.

"माझीच," नेरेइदा म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत विल्फ्रेदो बसला होता. सलाईनच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तो तिचा साहेब. घरी तिच्या लेकीचा धर्मपिता. लेकीच्या बाप्तिस्म्यापासून अकरा वर्षं त्या नात्याने ती त्याला कोम्पाद्रे आणि तो तिला कोमाद्रे म्हणत आला होता. त्याने कॉफीचा कप तिच्यापुढे सरकवला. तिने तो तसाच राहू दिला.

बाई मिनेसोटाहून आल्या होत्या. शिकवणीतलं स्पॅनिश जपून जपून बोलत होत्या आणि कुणावर आवाज चढवत नव्हत्या. सकाळपासून सहा जणांना त्यांनी हेच विचारलं होतं. कागदावरच्या सहीबद्दल माणूस म्हणू शकतो, हे अक्षर माझं नव्हे. इथे ज्याचा पासवर्ड त्याची सही, कायद्याने शाईइतकीच पक्की. नोकरीला लागताना नेरेइदाने तसं लिहूनच दिलं होतं.

"नळ्या कशा दिसल्या ते तुमच्या शब्दांत सांगा," बाई म्हणाल्या.

प्रश्न काही अवघड नव्हता. सलाईनच्या प्रत्येक बॅचमधलं थोडं पाणी जंतूंना पोसणाऱ्या रसाच्या वीस नळ्यांत घालून चौदा दिवस उबेत ठेवतात. चौदाव्या दिवशी एकेक नळी दिव्यासमोर धरायची. नितळ असेल तर माल बाहेर जातो. गढूळ दिसली तर आत काहीतरी जिवंत आहे. ही बॅच तान्ह्या बाळांच्या वॉर्डांसाठी होती. 'नितळ' एवढा एक शब्द बोलला की ती मोकळी.

पण त्या सकाळी नेरेइदा कारखान्यात नव्हतीच. आई न्हाणीघरात पाय घसरून पडली होती, आणि ती दवाखान्याच्या बोळात आईच्या स्ट्रेचरपाशी उभी होती. तिथे विल्फ्रेदोचा फोन आला. त्याने आधी आईची विचारपूस केली, लागेल तेवढी रजा घे म्हणाला. मग म्हणाला, ट्रक दारात खोळंबलाय, तुझा पासवर्ड तेवढा पाठवून दे, नळ्यांचं मी बघतो. तिने पाठवला. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तोवर नळ्या नेहमीच्या रीतीने वाफेवर शिजून कचऱ्यात गेल्या होत्या. तेव्हापासून कुठल्या बाळाला ताप आल्याचं कानावर आलं की ती आधी दवाखाना कुठला ते विचारायची.

"घाबरलीय ती," विल्फ्रेदो हसून म्हणाला. "एरवी हिच्याइतकं बारकाईने बघणारं आमच्याकडे कुणी नाही." त्याने हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

बाई थांबल्या होत्या. त्यांच्या कोपराशी फाटकावरच्या ये-जा नोंदींची जाडजूड फाईल होती. ती अजून उघडलेली नव्हती.

नेरेइदाने तोंड उघडलं. खरं सांगितलं तर तिची नोकरी जाणार होती, त्याचीही जाणार होती, आणि त्याच्या बायकोला ती रविवारी चर्चमध्ये तोंड कसं दाखवणार होती? नितळ म्हणायचं तिने ठरवलं. डोळ्यांपुढे नळ्या आणून बघितल्या. नळ्या येईनात. येत होतं ते फक्त स्ट्रेचरचं कुरकुरणारं चाक.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी त्या बघितल्याच नाहीत. मी त्या दिवशी इथे नव्हते. पासवर्ड मी दिला होता."

कुणाला, असं बाईंनी विचारलं. तिने नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही उरली नव्हती. खुर्चीच्या पाठीवरचा हात निघून गेला होता.

बाई विल्फ्रेदोकडे वळल्या. मग नळ्या तुम्ही पाहिल्यात का, असं त्यांनी विचारलं. नोंद पूर्ण आहे, तो म्हणाला, सगळे रकाने भरलेले आहेत. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याने तेच उत्तर पुन्हा दिलं.

आता नेरेइदा त्याच्याकडे वळली. त्याला नळ्यांत काय दिसलं असेल, याचीच धास्ती तिने इतके दिवस घेतली होती. त्याने त्या बघितल्याच नसतील, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"कोम्पाद्रे," तिने विचारलं, "नळ्या दिव्यासमोर कुणी धरल्या?"

बाईंनी पेन खाली ठेवलं.

विल्फ्रेदोने तिच्यापुढचा कॉफीचा कप आपल्याकडे ओढला. मग हळू आवाजात, जणू तिची समजूत घालावी तसं, म्हणाला, "नऊ वर्षांत एकही नळी गढूळ निघाली नव्हती, कोमाद्रे."